गाडगेबाबांचा कागद

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटकडून तपासून घेतलंय, तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. पण एका माणसाबद्दल तीन वर्षांपासून मनात होतं. ते आता नाही लिहिलं तर कधीच लिहून होणार नाही, म्हणून हा खटाटोप.

त्या माणसाचं नाव आपल्या सगळ्यांकडे लेखी आहे. प्रत्येक सेमिस्टरच्या मार्कशीटवर सगळ्यात वर छापलेलं असतं : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. आपली नजर मात्र खाली जाते. पास का नापास, किती बॅक राहिले, एवढंच आपण बघतो. अमरावती विद्यापीठाला हे नाव २००५ साली मिळालं. त्याच्या आधी २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने सुरू झालं होतं. त्यामुळे गाडगेबाबा म्हटलं की झाडू, हे समीकरण माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं. दुसरीत असताना फॅन्सी ड्रेसमध्ये मी गाडगेबाबा झालो होतो. फाटकं गोधडीचं कापड, डोक्यावर मडक्याचा तुकडा, हातात आईचा केरसुणीचा झाडू. दुसरं बक्षीस मिळालं. त्यापुढे बारा वर्षं मला त्यांच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं.

मग बारावीची परीक्षा झाली आणि आजोबांना कॅन्सर निघाला.

खामगाव, अकोला करत करत शेवटी मुंबईला न्यायचं ठरलं. रात्रीची गाडी पकडून बाबा, आजोबा आणि मी निघालो. हॉस्पिटलमध्ये केसपेपर निघाला, तपासण्यांच्या तारखा मिळाल्या. पण तारखा होत्या तीन, पाच, नऊ दिवसांच्या अंतराने. मधल्या दिवसांत राहायचं कुठे? लॉजचे भाव ऐकून बाबांनी नुसतं आजोबांकडे पाहिलं. एक एकर सोयाबीनमधून हाती जेवढं उरतं तेवढं लॉजवाल्याला आठ-दहा दिवसांत द्यावं लागलं असतं. पहिल्या दोन रात्री आम्ही हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर काढल्या. आम्ही एकटेच नव्हतो. बिहारचे होते, बंगालचे होते, आपल्या मेहकरकडचंही एक कुटुंब होतं. रिपोर्टच्या फाइली उशाखाली आणि चपला पिशवीत. आजोबा रात्रभर बसूनच होते. आडवं व्हायला त्यांना लाज वाटत होती. आयुष्यभर स्वतःच्या घरात झोपलेला माणूस.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं की दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी. आम्ही गेलो, कागदपत्रं दाखवली, थांबलो, आणि आजोबांना खाट मिळाली. भाडं अगदी नावापुरतं. त्या संध्याकाळी आजोबा पाय लांब करून झोपले. मी बाजूला बसून होतो आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. दादरसारख्या ठिकाणी, जिथे एका खोलीच्या किमतीत आमच्याकडे वाडा येईल, तिथे ही इमारत अजून गरिबांसाठी कशी काय राहिली? कोणी विकली कशी नाही? हिचा लॉज कसा झाला नाही?

पुढे कॉलेजला आल्यावर लायब्ररीत प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ साली लिहिलेलं बाबांचं चरित्र सापडलं. मग इतरही वाचलं. त्या प्रश्नाचं उत्तर बाबांच्या आयुष्यात सुरुवातीपासूनच आहे असं मला वाटतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं खरं नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाच्या खेड्यात, परिटाच्या घरी. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे पहिलं घर गेलं ते असं. मामाकडे डेबू गुरं राखायचा, शेतात राबायचा. शाळा नाहीच. पण नांगर धरण्यात त्याचा हात कोणी धरत नसे.

मामा चंद्रभानजींचीही अक्षरओळख नव्हती. सावकाराकडून कर्ज घेतलेलं. फेडत गेले आणि सावकार सांगेल तिथे अंगठा उठवत गेले. त्यांना वाटत होतं कर्ज फिटत आलं. एक दिवस कळलं की त्या अंगठ्यांनी शेतच सावकाराच्या नावावर गेलंय. मामाने त्या धक्क्यानेच अंथरूण धरलं आणि ते गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी त्यांना आडवा गेला. हा प्रसंग सगळ्या चरित्रांत आहे.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शेत गेलं ते पुरात नाही, दुष्काळात नाही, तर कागदामुळे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या डोक्यावरचं छप्पर एका कागदाने काढून घेता येतं, हे डेबूजीने घरातच पाहिलं. पुढे कीर्तनात ते लोकांना हात जोडून सांगत की कर्ज काढू नका, सण-लग्नाला ऋण करू नका, ताट मोडा पण पोरांना शिकवा. त्यामागे दापुऱ्याचं ते शेत होतं. स्वतःच्या मुलीच्या बारशालाही त्यांनी भाऊबंदांचा रोष पत्करून दारू-मटणाऐवजी गोडाचं जेवण घातलं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. वय अठ्ठावीस. मागे आई, बायको कुंताबाई आणि लहान मुलं. अंगावर चिंध्या, एका हातात काठी आणि दुसऱ्यात मडक्याचा फुटका तुकडा, ज्यात भाकरी मागून खायची आणि ऊन लागलं की तोच डोक्यावर ठेवायचा. त्या गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणायला लागले. तिथून पुढे एक्कावन्न वर्षं हा माणूस स्वतःच्या म्हणता येईल अशा छपराखाली राहिला नाही.

पहिलं मोठं बांधकाम ऋणमोचनचं. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे क्षेत्र आहे. पौषात रविवारी तिथे जत्रा भरते. हीच पूर्णा पुढे आपल्या जिल्ह्यातून, शेगाव-नांदुऱ्याच्या उत्तरेकडून वाहत जाते, त्यामुळे तिचा काठ कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. काळी चिकण माती. पावलं घसरतात, बायाबापड्या घागर घेऊन पडतात. बाबा आधी एकटेच काठ खणून पायऱ्या करत. नंतर लोक हाताखाली आले, वर्गणी आली आणि १९०८ च्या सुमारास पक्का घाट उभा राहिला. आपल्या सिव्हिलच्या भाषेत सांगायचं तर साइटवर आधी स्वतः मजुरी करायची, मग लोकांना कामाला लावायचं, आणि पैसा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. आधी एस्टिमेट, मग फंड, मग उद्घाटन, आणि झालंच तर काम.

पण बाबांना खरं काम दिसलं ते पंढरपुरात. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसं. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना बडव्यांचे वाडे, मठ, धर्मशाळा. गरिबाला चंद्रभागेचं वाळवंट. आणि ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानत, त्यांना पैसे असले तरी कुठेच जागा नाही. देवळात नाही आणि धर्मशाळेतही नाही. पाऊस आला तर वाळवंटात भिजायचं, पटकी आली तर तिथेच मरायचं.

इथे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा संबंध येतो. संत चोखामेळा देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचे, असं परंपरा सांगते. चौदाव्या शतकातला हा आपल्या मातीतला माणूस पंढरपूरला गेला, आयुष्यभर विठ्ठलाच्या दाराबाहेर उभा राहिला. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत अंगावर कोसळून गेला. ज्या गावाच्या आत राहायची परवानगी नाही, त्या गावाची भिंत बांधताना मेला. मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे. साइटवरच्या अपघातांबद्दल आम्हाला एक अख्खा धडा आहे. त्यात हे नाव कुठेच नाही.

बाबांनी १९१७ साली पंढरपुरात याच चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ज्यांना कोणीच घेत नव्हतं त्यांच्यासाठी. विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला साने गुरुजींचं उपोषण व्हावं लागलं आणि १९४७ साल उजाडावं लागलं. त्याच्या तीस वर्षं आधी त्या गावात त्या लोकांना हक्काची ओसरी मिळाली होती. पुढे पंढरपुरातच मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. बाबांना स्वतःला देवळात जायची ओढ नव्हती. जत्रेत दिवसभर झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. तेवढा गर्दीचा हिशेब त्यांना पक्का कळायचा : इतकी माणसं येतात, ती झोपतात कुठे, हागायला कुठे जातात, स्वयंपाक कुठे करतात.

आता कोणी म्हणेल की धर्मशाळांना जातींची नावं कशाला? मलाही ते खटकलं. जात मोडायला निघालेला माणूस जातवार इमारती का बांधतो? याचं मला पटलेलं उत्तर एवढंच की १९१७ साली एकत्र धर्मशाळा बांधली असती तर तिच्यात दुबळ्यांना शिरूच दिलं नसतं. आधी डोक्यावर छप्पर, मग भांडण. पण हे अपुरं उत्तर आहे हेही मान्य करतो.

आता पैशाकडे येतो, कारण माझा मूळ प्रश्न तोच होता. निरक्षर, चिंध्या घातलेल्या, खिसाच नसलेल्या माणसाने लाखो रुपयांच्या इमारती उभ्या कशा केल्या?

पहिली गोष्ट, ते पैशाला हात लावत नसत. कीर्तनाला मुंबईचे शेठ येत, गिरणी कामगार येत, खेड्यातले शेतकरी येत. कोणी नोटा पायावर ठेवल्या तर बाबा पाय मागे घेत. देणगी जायची ती पंचांकडे, संस्थेकडे. हिशेब ठेवणारी माणसं वेगळी आणि मागणारा माणूस वेगळा. आपल्याकडे गॅदरिंगची वर्गणी गोळा करणाऱ्यानेच ती खर्च केली की काय होतं ते आपण दरवर्षी बघतो.

दुसरी गोष्ट, ते नुसती इमारत मागत नसत. इमारत एकदा बांधावी लागते, पण झाडावी रोज लागते. दिवाबत्ती, पाणी, डागडुजी, म्हाताऱ्या-पांगळ्यांना जेवण, हे सगळं दर महिन्याला. म्हणून त्यांनी धर्मशाळेच्या जोडीने सदावर्तं चालवली, व्यवस्था पाहणारी माणसं नेमली, आणि स्वतः अचानक येऊन कोपऱ्यात कचरा आहे का ते पाहिलं. आम्हाला बिल्डिंग कन्स्ट्रक्शन शिकवतात तेव्हा मेन्टेनन्सचं प्रकरण शेवटच्या आठवड्यात उरकतात. कित्येक सरकारी इमारती बघा, त्या शेवटच्या आठवड्यातच बांधल्यासारख्या वाटतात.

तिसरी गोष्ट म्हणजे कागद. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाने आपल्या संस्थांचे रीतसर ट्रस्ट करवून घेतले, आणि त्या कागदांत एक गोष्ट पक्की केली : या मालमत्तेवर डेबूजीचा हक्क नाही, त्याच्या बायकोचा नाही, पोरांचा नाही, नातेवाइकांचा नाही. ज्याच्यासाठी बांधलं त्याच्याचसाठी ते राहील. मामाचं शेत ज्या कागदाने गेलं, त्याच कागदाला बाबांनी गरिबाच्या दाराशी राखणीला बसवलं. दादरची धर्मशाळा बाबांच्या पश्चात त्यांच्या माणसांनी उभी केली, पण ती याच शिस्तीत वाढलेली. त्या रात्री मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. ती इमारत विकली गेली नाही, कारण ती कोणाच्या बापाची नव्हती.

या कागदाची किंमत मात्र कोणीतरी मोजली. कुंताबाईंनी बराच काळ झोपडीत काढला. नवऱ्याच्या हाकेवर लाखांच्या धर्मशाळा उभ्या राहत होत्या आणि बायकोने मात्र तिथे राहायचं नाही, कष्ट करून खायचं. मुलगा गोविंद १९२३ साली पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. ती बातमी बाबांना कीर्तनात कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. लोक हा प्रसंग फार आदराने सांगतात. मी माझ्या आईला सांगितला तर ती गप्प बसली आणि मग तिने विचारलं की पोराच्या आईचं काय. मला उत्तर देता आलं नाही. मोठ्या माणसाच्या चरित्रात सगळंच आपल्याला पटलं पाहिजे असं नाही. पण एवढं खरं की घरच्यांना एक खोली दिली असती, तर पुढे पुतण्याला दुसरी, भाच्याला तिसरी द्यावी लागली असती, आणि आमच्यासाठी दादरला खाट उरली नसती.

पुढचा टप्पा आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या जवळचा आहे. गाडगेबाबा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एकमेकांना फार मानत. एक शाळेची पायरी न चढलेला, दुसरा परदेशी विद्यापीठांतून डॉक्टरेट घेऊन आलेला. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, मुलांच्या वसतिगृहासाठी. जिथे वारकरी चार दिवस टेकायचे तिथे मुलं राहून शिकणार. बत्तीस वर्षं जपलेली इमारत बाबांनी सहज देऊन टाकली. राहायला जागा नसेल तर शिक्षण होत नाही, हे त्या दोघांनाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्यालाही नसावी. आपल्यापैकी किती जणांना हॉस्टेल मिळालं नसतं तर घरच्यांनी इंजिनिअरिंगला पाठवलं असतं? मला तरी नाही.

८ फेब्रुवारी १९५२ ला श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामांना एक घर मिळालं. १९५४ साली मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. म्हणजे फुटपाथवर फाइल उशाला घेऊन झोपणारी माणसं बाबांना तेव्हाच दिसली होती. जत्रा बदलली होती. पंढरपूरच्या जागी हॉस्पिटल आलं होतं, पण वाळवंट तेच होतं.

आता थोडं आजचं. तिसऱ्या वर्षाला टाऊन प्लॅनिंगवर सेमिनार द्यायचा होता म्हणून मी हे विषय वाचले. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निकष ठरला की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी किमान शंभर जणांचा एक कायमचा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे. निवाऱ्याच्या पुढे घरांचा प्रश्न. त्याच जनगणनेत मुंबईत झोपडपट्टीत राहणारे सुमारे ५२ लाख. एवढ्या लोकांना धर्मशाळा पुरणार नाही, वर्गणी तर नाहीच नाही.

मुंबईने १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाचा जो मार्ग धरला, त्यात बिल्डर झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून देतो आणि बदल्यात जास्तीचं बांधकाम करून ते बाजारात विकतो. जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथे हे गणित बसतं. आपल्या खामगाव-मलकापुरात ते बसणार नाही, कारण जास्तीचे मजले इथे त्या भावाने घेणार कोण? लहान गावांसाठी पंतप्रधान आवास योजनेतला वेगळा रस्ता आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख स्वतःचं घर बांधायला मिळतात. पण त्यासाठी आधी पायाखाली स्वतःची जागा लागते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, नमुना आठ नाही, तो पुन्हा रांगेच्या बाहेर. म्हणजे शंभर वर्षांनीसुद्धा अडतं ते विटांपाशी नाही, कागदापाशीच अडतं.

कोर्टातही हेच झालं. १९८१ साली मुंबईत फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार त्यात अर्जदार होत्या, म्हणून तो खटला त्यांच्या नावाने ओळखतात. १९८५ च्या निकालात कोर्टाने मान्य केलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, आणि माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही, कामाच्या जवळ राहावं लागतं म्हणून. पण फुटपाथवर राहायचा हक्क मात्र दिला नाही. रीतसर सूचना देऊन हटवता येईल, असं ठरलं. हक्क कागदावर आला, खाट आली नाही.

मला यातून जे कळलं ते असं. बाबांची धर्मशाळा हे घर नव्हे. ती दया आहे आणि दयेला मर्यादा असते. खाट भरली की पुढचा माणूस फुटपाथवरच. घर हा हक्क मानायचा असेल तर तो दात्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, नगरपालिकेच्या बजेटमध्ये त्याची ओळ दरवर्षी असायला हवी. पण ती ओळ आली की पुढे काय करायचं, हे मात्र बाबांकडून शिकण्यासारखं आहे. मागणारा आणि हिशेब ठेवणारा वेगळा ठेवा. बांधकामाच्या पैशासोबत झाडण्याचे पैसेही बाजूला काढा. आणि ज्याच्यासाठी बांधलं त्याच्या हातून ते कोणालाही, अगदी बांधणाऱ्यालाही काढून घेता येणार नाही असा कागद आधी करा. सरकारी जमिनीवर स्वस्त घरं बांधून पहिल्या दहा वर्षांत ती दलालांच्या हाती गेली, तर पुन्हा जमीन कुठून आणणार?

१९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. हजारो माणसांच्या डोक्यावर छप्पर घालणारा माणूस रस्त्यात गेला. त्यांची समाधी अमरावतीला आहे. परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठात चकरा मारणाऱ्यांनी एकदा तिथेही जाऊन यावं. मी गेलो होतो. तिथे एक म्हातारी झाडत होती. मी झाडू मागितला तर तिने दिला नाही.

माझे आजोबा दादरहून परत आले आणि त्यानंतर चौदा महिने जगले. त्यांच्याच घरात, त्यांच्याच खाटेवर गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी बाबांना जवळ बसवून घराचा आणि शेताचा कागद काढायला लावला आणि त्यावर माझ्या आजीचं नाव चढवून घेतलं. आमच्या घरात बाईच्या नावावर जागा असण्याची ती पहिलीच वेळ. हे त्यांना दादरला सुचलं की आधीपासून मनात होतं, मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात रिझल्ट लागेल. मार्कशीट हातात आली की यंदा आधी वरची ओळ वाचा. खालचं काही बदलणार नाहीये.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)